दुसऱ्या खुर्चीतला आवाज

सिन्नरकरांना विमानाचे अप्रूप राहिलेले नाही. उत्तरेला ओझर आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना तिथे १९६४ मध्ये आला. आधी मिग आणि पुढे सुखोई तिथून उडू लागली. गांधीनगरात लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथली हेलिकॉप्टरे आपल्या शिवारांवरून घोंघावत जातात. पूर्वेला वावी, पाथरे ओलांडले की थोड्याच अंतरावर काकडीचा शिर्डी विमानतळ लागतो. १ ऑक्टोबर २०१७ पासून तिथे प्रवासी विमाने उतरतात. त्यामुळे विमान आणि ते चालवणारा माणूस हा आपल्याकडे रोजच्या गप्पांतला विषय झाला आहे.

४ जून २०२४ रोजी, लोकसभेची मतमोजणी चालू असताना, ओझरहून उडालेले एक सुखोई निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात कोसळले. दोन्ही वैमानिक पॅराशूटने बाहेर पडले आणि वाचले. त्या संध्याकाळी निवडणुकीच्या निकालाइतकीच त्या विमानाचीही चर्चा होती आणि तिच्यात दोनच पक्ष होते: मशीन बिघडले, नाहीतर पायलट चुकला. विमान पडल्याची बातमी आली की सगळीकडे हेच दोन पक्ष उभे राहतात, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे निघाले की विषय संपतो. चुकणारा सापडला, आता आणखी काय शोधायचे?

हे पुस्तक तिथून पुढे सुरू होते. वैमानिकाची चूक झाली असे चौकशीत सिद्ध झाल्यावरही विचारायचे जे प्रश्न उरतात, ते त्याचा विषय आहेत. त्याच माणसाने तीच कृती हजारदा बरोबर केली होती, मग त्या दिवशी काय वेगळे घडले? त्याला काय दिसत होते, काय ऐकू येत होते, तो किती झोपला होता? आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या दुसऱ्या माणसाला चूक दिसली होती का? दिसली असेल तर तो काय बोलला?

मी वैमानिक नाही. माझी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांवर गेली, आणि या विषयाकडे मी तिथूनच वळलो. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका तरुण कामगाराची तीन बोटे गेली. त्या प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात साच्यात राहणार नाहीत, अशी मूळ रचना. त्यातले एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवलेले होते, कारण तसे केले की पाळीत नग जास्त निघत. ती पट्टी मुकादमाला दिसत होती, सुपरवायझरला दिसत होती, शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दिसत होती. अपघाताच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिले गेले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. त्या दोन शब्दांत खोटे काही नव्हते. पोराने हात आत घातला होता हे खरेच होते. पण त्या नोंदीने पुढच्या कुणाचेही बोट वाचणार नव्हते. विमान अपघातांचे चौकशी अहवाल मी वाचायला लागलो ते असा रकाना जिथे नीट भरला जातो ती जागा पाहण्यासाठी.

महाराष्ट्रातला सर्वांत बोलका अहवाल औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरच्या अपघाताचा आहे. २६ एप्रिल १९९३ ची दुपार. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आले होते आणि एकच्या सुमारास मुंबईसाठी निघाले. विमानात ११८ माणसे होती. एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यातली हवा तापून विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर घटतो आणि विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते. भरलेल्या विमानाला ती धाव पुरेल की नाही याचा हिशेब आधीच केलेला असतो, पण तो हिशेब वैमानिक ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या पद्धतीने नाक उचलेल असे धरून केलेला असतो. त्या दिवशी नाक उशिरा उचलले गेले. विमानाने धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमीन सोडली. टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता आणि त्या क्षणी त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकच्या गाठींवर आदळला. खिळखिळे झालेले विमान पुढे उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकून शेतात पडले. ५५ माणसे गेली. वैमानिक वाचले.

चौकशीने कारण दिले ते दोन भागांत. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हा पहिला भाग. विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हा दुसरा. त्या काळच्या वर्तमानपत्री आठवणींत पहिला भाग ठळक राहिला, दुसरा पुसट झाला. पण नीट विचार केला तर दुसऱ्या भागाचे वजन फार आहे. उशिरा उठलेले विमान रिकाम्या रस्त्यावरून गेले असते तर कदाचित कंपनीत चार ओळींचे स्पष्टीकरण मागितले गेले असते आणि मुंबईला उतरलेल्या प्रवाशांना काही कळलेही नसते. माणूस काही क्षण चुकणार हे गृहीत धरून धावपट्टीपुढे मोकळी जागा ठेवायची असते. चिकलठाण्याला त्या मोकळ्या जागेतून बीडची वाहतूक चालू होती. ट्रकचालकाचाही यात काय दोष? तो रोजच्या रस्त्याने जात होता.

चूक माणसाची दिसते, पण जागाच तिला बोलावत असते, याचे मुंबईतले उदाहरण जुहूचे आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझला उतरायचे ते जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि टोक ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कुणी दगावले नाही. मोठ्या विमानाचा अनुभवी कमांडर चुकीच्या विमानतळावर कसा उतरतो, असे कुणीही विचारेल, आणि उत्तर म्हणून त्याच्या अकलेचा पंचनामा करील. पण एकोणीस वर्षे आधी, जुलै १९५३ मध्ये, ब्रिटिश कंपनी बीओएसीचे कॉमेटही असेच चुकून जुहूला उतरले होते. वेगळा देश, वेगळी कंपनी, वेगळे विमान, चूक तीच. दोन्ही विमानतळ हाकेच्या अंतरावर, धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेने, आणि समुद्राकडून येणाऱ्याला जुहू आधी दिसते. दोन अनोळखी माणसे एकाच खड्ड्यात पडली तर खड्ड्याकडे पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाला हेच शिकावे लागले. बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरवल्यावर वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, मिटण्याऐवजी चाके मिटत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. पुन्हा पुन्हा तेच घडले तेव्हा अल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बसून पाहिले. चाकांची आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी, आकाराने सारखी. त्याने सुचवलेला उपाय असा: चाकांच्या कळीला रबराचे छोटे चाक लावा, फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा लावा, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळेल. चूक थांबली. आजच्या प्रवासी विमानांत चाकांच्या कळीला चाकाचाच आकार असतो, तो तेव्हापासून. वैमानिकांना अधिक सावध राहण्याच्या सूचना देणारी शंभर परिपत्रके काढूनही हे साधले नसते.

सिन्नरहून पुण्याला जाताना आळेफाट्याच्या पश्चिमेला जुन्नरचे डोंगर दिसतात. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर, पावसात, अलितालियाचे डीसी-८ त्या डोंगरांत निमगिरीजवळ आदळले. सिडनीहून बँकॉकमार्गे रोमला निघालेले ते विमान मुंबईला उतरायच्या तयारीत होते. ९४ जण होते, कुणीही वाचले नाही. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि तो सुरक्षित उंचीच्या खाली आला. प्रत्यक्षात मुंबई अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती आणि मध्ये सह्याद्री होता. या प्रदेशाशी त्याचा पुरेसा परिचय नव्हता हेही अहवालात नोंदले आहे. पुढे साडेतीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’ मों ब्लांवर आदळले आणि त्यात डॉ. होमी भाभा गेले. तिथेही विमान नक्की कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात गैरसमज झाला होता. दोन्ही वेळा विमान बिघाडामुळे पडले नव्हते. डोक्यातला नकाशा आणि जमिनीवरचा डोंगर यांचा मेळ बसला नाही. जमिनीची चाहूल देऊन कॉकपिटमध्ये ओरडणारे उपकरण आज प्रत्येक मोठ्या विमानात असते. अशा अपघातांची लांबलचक मालिका झाल्यावर ते आले.

शरीरही फसवते, आणि ते कुणालाही फसवते. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी सांताक्रूझहून दुबईला निघालेले ‘एम्परर अशोक’ हे जम्बो जेट उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडले. २१३ माणसे गेली. विमान कुठल्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे कमांडरसमोरचे उपकरण बिघडले होते. विमान सरळ असताना ते उजवीकडे कललेले दाखवत होते. कमांडरने ते सरळ करण्यासाठी डावीकडे वळवले, वळवत राहिला. बाहेर काळोखा समुद्र, क्षितिज दिसत नव्हते. आपल्या कानाच्या आतल्या द्रवाने भरलेल्या नळ्यांना संथ वळण कळत नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाला हळू फिरणारी खुर्ची थांबलेलीच वाटते. म्हणून वैमानिकाला शिकवतात की शरीरावर विश्वास ठेवू नको, उपकरणावर ठेव. त्या संध्याकाळी शरीर गप्प होते आणि उपकरण खोटे बोलत होते. सहवैमानिकाकडचे उपकरण आणि मधले राखीव उपकरण मात्र होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने कमांडरचे लक्ष तिकडे वेधायचा प्रयत्न केल्याचे ध्वनिमुद्रणातून दिसते. तेवढ्या वेळात तो प्रयत्न पोहोचला नाही.

तो न पोहोचलेला प्रयत्न या पुस्तकाच्या मध्यभागी आहे. अहवालांमागून अहवाल वाचत गेलो तेव्हा माझे मन पुन्हा पुन्हा तिथेच अडकले. कॉकपिटमध्ये दोन माणसे बसवतात ती एकाचे हात थकतील म्हणून नव्हे. एकाच्या डोक्यात चुकीचे चित्र तयार झाले तर दुसऱ्याच्या डोक्यात वेगळे असावे म्हणून. दुसऱ्याने ते मनातच ठेवले, किंवा पुटपुटले, किंवा सांगूनही पहिल्याने ऐकले नाही, तर दुसरी खुर्ची रिकामी असल्यासारखीच.

२२ मे २०१० ची पहाट, मंगळूर. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७, १६६ माणसे. चौकशीचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सुमारे एक तास चाळीस मिनिटे कमांडर झोपेत असल्याचे आढळले. घोरणे ऐकू येत होते. रात्री दोन ते सहा ही माणसाच्या देहाची सर्वांत मंद वेळ. गाढ झोपेतून उठलेल्याचा मेंदू काही काळ धुक्यात असतो; त्याला आकडे दिसतात, पण त्यांचा अर्थ उशिरा लागतो. त्यात मंगळूरचे रडार बंद असल्याने खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली आणि विमान हवे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर राहिले. अशा वेळी करायचे ते ठरलेले आहे. उतरण्याचा प्रयत्न सोडायचा, इंजिने पूर्ण जोरात लावायची, पुन्हा वर जाऊन फेरी मारून यायचे. वैमानिकांच्या भाषेत गो-अराउंड. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ तीनदा म्हटले. विमान ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट संपल्यावर टेकले. टेबलटॉप विमानतळ, टोकाला दरी. १५८ माणसे गेली, आठ वाचली.

सहवैमानिकाने तीनदा म्हटले, पण नियंत्रण हातात घेतले नाही. का घेतले नाही हे विचारताना मी आपल्याकडच्या घरांचा आणि कचेऱ्यांचा विचार करतो. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचे नाही हे आपण लहानपणी शिकतो, आणि ते वाईट शिक्षण नाही; घर त्याने जोडलेले राहते. पण साहेबाची चूक साहेबाला सांगायची वेळ आली की आपण ‘साहेब, एकदा बघून घ्या ना’ एवढ्यावर थांबतो. कॉकपिटमध्ये एवढ्यावर थांबायला वेळ नसतो. आणि ही फक्त आपली गोष्ट नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफला केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसे मेली, आजवरचा सर्वांत मोठा विमान अपघात. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने धुक्यात विचारले होते की समोरचे पॅन ॲमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना. कमांडरने ठामपणे हो म्हटले आणि विमान पळत राहिले. तो कमांडर कंपनीच्या जम्बो प्रशिक्षणाचा प्रमुख होता, जाहिरातींत त्याचा चेहरा होता. त्याला कोण आणखी एकदा विचारणार?

१९७८ च्या २८ डिसेंबरला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचे एक विमान इंधन संपून पडले. चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कमांडरला इंधन उतरत चालले आहे हे मागचा इंजिनिअर सांगत होता, पण दबकत. या अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा भरवली आणि दोन वर्षांत युनायटेडने वैमानिकांना एक नवे शिक्षण द्यायला सुरुवात केली, जे आज क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणून जगभर सक्तीचे आहे. त्यात उडवणे शिकवत नाहीत. बोलणे आणि ऐकणे शिकवतात. आधी शंका सांगायची, मग धोका सांगायचा, मग काय करा ते नाव घेऊन सांगायचे, आणि तरीही हालचाल झाली नाही तर विमान स्वतःच्या हाती घ्यायचे. कमांडरला शिकवतात की खालून आलेला पहिला शब्द अपमान समजू नको. माझ्या मते विमान वाहतुकीने गेल्या पन्नास वर्षांत लावलेल्या शोधांत जेट इंजिनाच्या तोडीचा हा एक शोध आहे.

पण शिकवले म्हणजे झाले असे नाही, आणि याचा सर्वांत जिव्हारी लागणारा पुरावा मराठी माणसाच्या घरातला आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाकाळात, वंदे भारत मोहिमेत दुबईहून १९० माणसांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. २१ माणसे गेली, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कमांडर होते कॅप्टन दीपक वसंत साठे. नागपूरचे घर, खडकवासल्याची प्रबोधिनी, हवाई दल अकादमीत मानाची तलवार, हवाई दलातली दीर्घ सेवा, मग प्रवासी विमाने. यांच्याहून कसलेला वैमानिक शोधून सापडला नसता. अपघातानंतर काही तासांत त्यांना वीर ठरवणारे संदेश फिरू लागले, वर्षभराने अहवाल आला तेव्हा त्यांनाच दोषी ठरवणारे मथळे आले. दोन्ही वेळा अहवाल कुणी वाचला होता असे मला वाटत नाही.

अहवाल म्हणतो की अपघाताचे संभाव्य कारण म्हणजे विमान उडवणाऱ्या वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही. विमान स्थिर नसताना उतरणे चालू ठेवले आणि सहवैमानिकाने गो-अराउंड सांगूनही ते केले नाही. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फुटांवर टेकले. पाऊस होता, मागून १४ नॉटचा वारा ढकलत होता. हे सगळे खरे आहे आणि या पुस्तकात त्याला कुठेही पाणी घातलेले नाही. पण त्याच अहवालात पुढेही पाने आहेत. उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात कमांडरच्या बाजूचा वायपर थोडा वेळ चालून बंद पडला. तो प्रयत्न सोडून देऊन त्यांनी त्या वेळी योग्य तेच केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणावर त्यांचेच नाव होते आणि कोळिकोडच्या तळावर कमांडर मोजकेच होते. विमान दुसरीकडे वळवले तर सकाळचे उड्डाण कोण नेणार, हा भार त्यांनी स्वतःवर घेतला असावा असे चौकशी सांगते. मधुमेहासाठी घेतलेल्या औषधांमुळे साखर किंचित उतरून निर्णयशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असण्याची शक्यताही तिथे नोंदलेली आहे. सहवैमानिकाने आधी सौम्य शब्दांत लक्ष वेधले आणि शेवटी स्पष्ट गो-अराउंड म्हटले तेव्हा चाके टेकण्याच्या बेतात होती. आणि संपूर्ण व्यवस्थेतल्या उणिवांचा या अपघातातला वाटा नजरेआड करता येणार नाही, असे अहवाल शेवटी लिहितो. पावसात, मागच्या वाऱ्यात या धावपट्टीवर उतरणे धोक्याचे आहे असा इशारा सुरक्षा सल्लागार समितीवरील कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच दिला होता.

मंगळूर आणि कोळिकोड यांच्यात दहा वर्षे आहेत. कंपनी एकच, विमानाचा प्रकार एकच, टेबलटॉप धावपट्टी, पावसाळ्याचे दिवस किंवा त्याचा उंबरठा, खूप पुढे टेकलेली चाके आणि दुसऱ्या खुर्चीतून आलेला तोच शब्द. हा योगायोग मला झोपू देत नाही. पहिल्या अहवालात शिफारशींची कमतरता नव्हती. मग त्या कुठे थांबल्या? पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण या एका प्रश्नावर आहे, आणि त्याची भाषा ठिकठिकाणी कडक झाली आहे ती मी तशीच ठेवली आहे.

झोपेवरही एक प्रकरण आहे, थोडे छोटे. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम २०२५ च्या १ जुलै आणि १ नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर लोक रात्र रात्र बसून राहिले, आणि सरकारने काही नियमांना तात्पुरती सूट दिली. त्या दिवसांत प्रवाशांचा संताप मी समजू शकतो. पण पुरेशी माणसे न नेमता वेळापत्रक भरणाऱ्या व्यवस्थेचा राग विश्रांतीच्या नियमावर निघाला, याचे मला फार वाईट वाटले. समृद्धी महामार्गावर पहाटे ट्रक दुभाजकावर चढला की आपण चालकाला डुलकी लागली म्हणतो. तो आदल्या रात्रीपासून किती तास स्टिअरिंगवर होता हे विचारत नाही. आकाशात निदान तो प्रश्न विचारणारा कायदा आहे. तो ढिला होऊ देणे महागात पडेल.

अहमदाबादबद्दल मी थोडेच लिहिले आहे, आणि का ते इथे सांगतो. १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले ड्रीमलायनर उड्डाणानंतर क्षणांत कोसळले, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. इंधन का बंद केले असे एका वैमानिकाने विचारले आणि दुसऱ्याने आपण केले नाही असे सांगितले, एवढा संवाद आहे. कोण कुणाला म्हणाले हे तिथे नाही. तरीही दुसऱ्या दिवसापासून देशोदेशीच्या माध्यमांनी मुंबईत राहणाऱ्या त्या कमांडरच्या मनाचा तळ शोधायला सुरुवात केली. त्यांचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही, हे ओझे मनावर घेऊ नका, असे नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितले. प्राथमिक अहवालावर मी प्रकरण लिहिले असते तर ज्या घाईविरुद्ध हे पुस्तक आहे तीच घाई मी केली असती.

आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोष वाटणे हा नसावा. भारतात या कामासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र अपघात चौकशी विभाग स्थापन झाला. त्याआधी मोठ्या अपघातांसाठी न्यायालयीन चौकशी बसत असे. हा नियम वाचताना काहींना वाटते की वैमानिकाला मोकळे सोडण्याची ही पळवाट आहे. तसे मुळीच नाही. निष्काळजीपणाला शिक्षा देण्यासाठी न्यायालये आहेत आणि ती असावीत. पण शिक्षेची भीती असेल तर चूक करणारा ती सांगणार नाही, आणि न सांगितलेल्या चुकीतून कुणी शिकत नाही. मंगळूरच्या अहवालात याचे एक बारीक उदाहरण आहे. विमान जोरात टेकले की वैमानिकाला जाब विचारला जाई; त्यामुळे हळुवार टेकण्याच्या नादात विमान धावपट्टीवर पुढे पुढे तरंगत नेण्याकडे कल वाढू शकतो. जी शिस्त सुरक्षेसाठी लावली तिनेच धावपट्टी खाल्ली.

वाचकाने हे पुस्तक कसे वाचावे याबद्दल दोन शब्द. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला अपघाताचा दिवस विमानतळावरच्या माणसाला जसा दिसला असेल तसा सांगितला आहे, शेवट माहीत नसल्यासारखा. शेवट माहीत असला की प्रत्येक चूक ठळक दिसते आणि कॉकपिटमधली माणसे मूर्ख वाटू लागतात. ती मूर्ख नव्हती. विमानाचे तांत्रिक शब्द मी वैमानिक बोलतात तसेच ठेवले आहेत आणि पहिल्यांदा येतील तिथे समजावले आहेत. वाचलेल्या वैमानिकांची नावे मी घेतलेली नाहीत. गेलेल्यांची नावे, जिथे ती सर्वांना ठाऊक आहेत, तिथेच आली आहेत.

हे अहवाल इंग्रजीत आहेत, शेकडो पानांचे आहेत, आणि कुणीही वाचावेत म्हणून खुले ठेवलेले आहेत. ज्यांची माणसे चिकलठाण्याला, वांद्र्याच्या समुद्रात, कोळिकोडला गेली त्यांच्यातल्या अनेक घरांत ते कधी पोहोचले नसतील. चिकलठाण्याच्या शेतांत धावत जाऊन माणसे बाहेर काढणाऱ्यांपर्यंतही नाहीत. ते त्यांच्या भाषेत, त्यांना कळेल अशा तपशिलाने, कुठलाही कडू भाग न गाळता त्यांच्यासमोर ठेवणे हे या पुस्तकाचे काम आहे. शिकाऊ वैमानिकाने ते वाचले तर आनंदच आहे, पण कारखान्याच्या सुपरवायझरने, शस्त्रक्रियागृहातल्या नर्सने, एसटीच्या आगारप्रमुखानेही वाचावे अशी माझी इच्छा आहे, कारण दुसऱ्या खुर्चीत बसलेली माणसे तिथेही आहेत.

पहिले प्रकरण चिकलठाण्याचे आहे. ते बीड रस्त्यावरून सुरू होते, धावपट्टीवरून नाही.

सिन्नर